पिनोकिओ माणूस कसा झाला? प्रत्येक सिनेमाचं उत्तर वेगळं

ऑक्टोबर १८८१. इटलीतल्या मुलांच्या एका साप्ताहिकात जुलैपासून चालू असलेली एक गोष्ट संपली. शेवट असा होता : अंगावर कोळशाची पोती ओढून आलेले दोन लुटारू एका लाकडी बाहुल्याला ओकच्या भल्यामोठ्या झाडाला फासावर लटकवतात. वारा त्याला हेलकावे देत राहतो. बाहुला बापाची आठवण काढतो, त्याचे हातपाय ताठ होतात, आणि गोष्ट तिथेच थांबते.

हा बाहुला म्हणजे पिनोकिओ. लेखक कार्लो कोलोदी याने त्याला खरोखरच मारून टाकलं होतं. वाचणाऱ्या मुलांना ते सोसलं नाही. संपादकांनीही गळ घातली, तेव्हा फेब्रुवारी १८८२मध्ये गोष्ट पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी १८८३मध्ये ३६ प्रकरणांवर पूर्ण झाली. त्याच वर्षी तिचं पुस्तक निघालं.

आपल्याकडे पिनोकिओ म्हटलं की एकच गोष्ट आठवते : खोटं बोललं की नाक वाढतं. मूळ पुस्तकात खोटं बोलल्यामुळे नाक वाढण्याचे प्रसंग अगदी मोजके आहेत. भूक, थंडी, फसवणूक आणि मरण मात्र पानोपानी आहे. या पुस्तकावर १९११पासून सिनेमे निघत आले आहेत. पहिला मोठा मूकपट इटलीतलाच, जुलिओ अंतामोरोचा. त्यानंतर अमेरिका, सोव्हिएत रशिया, पुन्हा इटली, पुन्हा अमेरिका. एकाच कथेची इतकी रूपं समोर आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘पुस्तकाशी सगळ्यांत प्रामाणिक कोणतं?’ या प्रश्नाने फार काही हाती लागत नाही. प्रसंग जसेच्या तसे ठेवूनही सिनेमा पुस्तकापासून दूर जाऊ शकतो आणि सगळं बदलूनही त्याच्या गाभ्यापाशी पोचू शकतो. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न उपयोगी वाटतो : या सिनेमात लाकडाचा माणूस होतो तो कशाच्या बदल्यात?

त्याचं उत्तर शोधण्याआधी पुस्तकात नेमकं काय आहे ते पाहायला हवं, कारण बहुतेकांनी ते संक्षिप्त रूपातच वाचलेलं असतं.

कोलोदीचं खरं नाव कार्लो लोरेन्झिनी. जन्म १८२६चा, फ्लॉरेन्समधला. आईवडील एका श्रीमंत घराण्याकडे नोकरीला होते. आईचं गाव कोलोदी, तेच त्याने टोपणनाव म्हणून घेतलं. इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धांत तो स्वयंसेवक म्हणून लढला, पुढे पत्रकारिता केली, मुलांसाठी शालेय पुस्तकं लिहिली. इटली एक देश झाला १८६१मध्ये आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा कायदा आला १८७७मध्ये. म्हणजे पिनोकिओ लिहिला जात होता तेव्हा गरिबाच्या मुलाने शाळेत जावं ही अपेक्षा नवी होती आणि शाळेत पाठवायला घरात पैसा नव्हता. पुस्तकात हे अगदी उघड दिसतं. पिनोकिओला अंकलिपी घेऊन द्यायची म्हणून त्याला घडवणारा म्हातारा जेपेत्तो भर थंडीत अंगावरचा एकुलता एक कोट विकतो. पिनोकिओ ती अंकलिपी विकून बाहुल्यांचा खेळ पाहायला जातो.

आता मूळ जेपेत्तोकडे नीट बघा. सिनेमांनी आपल्या मनात बसवलेला प्रेमळ, एकाकी, मूल हवं म्हणून झुरणारा म्हातारा इथे नाही. पुस्तकातला जेपेत्तो तापट आहे, शेजाऱ्याशी मारामारी करतो आणि बाहुला बनवायला घेतो तो पोटासाठी. नाचणारा, तलवारबाजी करणारा, कोलांट्या मारणारा बाहुला करायचा, त्याला घेऊन गावोगाव हिंडायचं आणि भाकरीचा तुकडा आणि पेलाभर वाइन कमवायची, एवढाच त्याचा बेत असतो. त्याच्या खोलीत एक शेकोटी आहे, ती भिंतीवर रंगवलेली. तिच्यावर एक भांडं, तेही रंगवलेलं. त्यातून निघणारी वाफसुद्धा रंगवलेली. पहिल्या रात्री उपाशी पिनोकिओ त्या भांड्याकडे धावतो आणि भिंतीला हात लावून बघतो. माझ्या मते पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं चित्र हेच आहे. वाढणाऱ्या नाकापेक्षाही महत्त्वाचं.

चौथ्या प्रकरणात बोलका रातकिडा येतो. शंभर वर्षांपासून त्या खोलीत राहणारा. तो पिनोकिओला शहाणपण सांगू लागतो आणि पिनोकिओ लाकडी हातोडा फेकून त्याला भिंतीवरच मारून टाकतो. पुढे त्याचं भूत येतं, नंतर तो वैद्य म्हणूनही हजर होतो, पण पुस्तकभर सोबत करणारा मित्र तो नाही. न्यायाची गत तर आणखी वाईट. कोल्हा आणि मांजर पिनोकिओच्या सोन्याच्या मोहरा लुबाडतात, तो तक्रार घेऊन न्यायाधीशाकडे जातो. न्यायाधीश गोरिला असतो. तो सगळं ऐकून घेतो, कळवळतो आणि लुबाडल्या गेलेल्या पिनोकिओलाच तुरुंगात टाकतो. चार महिन्यांनी सम्राटाच्या आनंदोत्सवात गुन्हेगारांची सुटका होते, तेव्हा ‘मीही गुन्हेगारच आहे’ असं सांगितल्यावरच त्याला बाहेर सोडतात. मुलांच्या पुस्तकात असं लिहायला मोठी हिंमत लागते.

शेवट काय आहे? महाकाय शार्कच्या पोटातून पिनोकिओ जेपेत्तोला वाचवून आणतो, पण त्यामुळे तो माणूस होत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या बहुतेक सिनेमांचा फाटा इथेच फुटतो. म्हातारा आजारी आहे, त्याला दूध हवं आहे. एका पेलाभर दुधासाठी पिनोकिओ एका माळ्याकडे रहाट ओढून शंभर बादल्या पाणी काढतो. तिथेच गोठ्यात त्याला जुना मित्र लुचिन्योलो भेटतो, शाळा सोडून नुसतं खेळणाऱ्या मुलांच्या खेळनगरीत गाढव झालेला, कामाने पिचलेला. तो त्याच्यासमोर मरतो. त्यानंतर पाच महिने पिनोकिओ पहाटे उठून रहाट ओढतो, टोपल्या विणतो, रात्री वाचायला-लिहायला शिकतो. नव्या कोटासाठी साठवलेले पैसे, त्याला जीव लावणारी परी आजारी असल्याचं कळताच तिला पाठवून देतो आणि त्या रात्री आठऐवजी सोळा टोपल्या विणतो. सकाळी उठतो तो मुलगा होऊन. खुर्चीला टेकून ठेवलेलं त्याचं जुनं लाकडी शरीर त्याला समोर दिसतं. म्हणजे कोलोदीचं उत्तर स्वच्छ आहे. दुसऱ्यासाठी केलेले, कुणी न पाहिलेले, रोजचे कष्ट.

हे पडद्यावर आणताना पहिली अडचण येते ती रचनेची. पुस्तक हप्त्याहप्त्याने लिहिलेलं आहे. दर आठवड्याला नवं संकट, नवा प्राणी, नवी फसगत. वाचताना मजा येते, पण दीड तासाच्या सिनेमाला एक सलग धागा लागतो. दुसरी अडचण अशी की पिनोकिओच्या मनात काय चाललंय ते लेखक सरळ सांगू शकतो, कॅमेऱ्याला ते बाहेर दिसेल अशा रूपात आणावं लागतं. तिसरी अडचण लाकडाची. जिवंत लाकूड दाखवायचं कसं?

डिस्नेच्या १९४०च्या चित्रपटाने यांतल्या पहिल्या दोन अडचणींवर एकच उपाय शोधला, आणि तो कमालीचा हुशार होता. ज्या रातकिड्याला पुस्तकात चौथ्या प्रकरणात मारलं होतं, त्यालाच त्यांनी जिमिनी क्रिकेट असं नाव देऊन गोष्टीचा निवेदक केलं, नायकाचा सोबती केलं आणि परीकडून त्याची ‘सदसद्विवेकबुद्धी’ म्हणून नेमणूक करवली. धागा मिळाला, मनातलं बोलायला तोंड मिळालं. हा ‘स्नो व्हाइट’नंतरचा डिस्नेचा दुसरा पूर्ण लांबीचा कार्टूनपट. काम सुरू झाल्यावर सुरुवातीचा पिनोकिओ फारच लाकडी आणि आगाऊ वाटतो म्हणून वॉल्ट डिस्नेने काम थांबवलं आणि त्याला गोल गालांचा, निरागस मुलगा करून घेतलं. एकदा नायक निरागस केला की बाकीचं ओघाने येतं. आता तो स्वतःहून वाईट वागू शकत नाही, त्याला कुणीतरी फसवावंच लागतं.

सगळ्यात मोठा बदल मात्र जेपेत्तोच्या घरात आहे. तिथली भूक गेली. घर उबदार आहे, भिंतीभर सुंदर घड्याळं आहेत, एक मांजर आहे, काचेच्या भांड्यात मासा आहे. गावसुद्धा कोलोदीच्या तोस्काना प्रांतातलं वाटत नाही, आल्प्सच्या कुशीतलं वाटतं. ताऱ्याकडे बघून जेपेत्तो इच्छा करतो आणि परी येते. शूर, सच्चा आणि निःस्वार्थी हो, मग माणूस होशील, अशी अट ती घालते. पिनोकिओ देवमाशाच्या तावडीतून बापाला वाचवताना जीव गमावतो आणि लगेच मुलगा होऊन उठतो. शौर्याचा एक क्षण पाच महिन्यांच्या टोपल्यांची जागा घेतो. सिनेमासाठी ते सोयीचं आहे. टोपल्या विणणं किती वेळ दाखवणार?

तरी या चित्रपटाला गोड म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. मुलांची गाढवं होतात तो प्रसंग आजही अंगावर येतो. त्या मुलाची सावली बदलत जाते, हातांचे खूर होतात, आईला मारलेल्या हाकेचं रेकणं होतं. ती मुलं परत माणसं होत नाहीत, त्यांना कुणी सोडवायलाही येत नाही. कोलोदीचा कठोरपणा डिस्नेने एकाच ठिकाणी ठेवला, पण तिथे तो पुरा ठेवला. ताऱ्याकडे केलेल्या इच्छेच्या गाण्याला ऑस्कर मिळालं. युरोपात युद्ध पेटल्यामुळे तिथला बाजार बंद होता आणि पहिल्या प्रदर्शनात चित्रपटाला खर्चही वसूल करता आला नाही. पुढे मात्र जगभर पिनोकिओ म्हणजे हाच, असं समीकरण झालं. इतकं पक्कं, की त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला कोलोदीसोबत डिस्नेशीही झगडावं लागलं.

तोवर रशियात याच गोष्टीने अगदी वेगळं वळण घेतलं होतं. लेखक अलेक्सेई तोलस्तोयने १९३६मध्ये ‘बुरातिनो’ हा आपला बाहुला उभा केला. सुरुवात कोलोदीची, पण पुढे स्वतःची वाट. बुरातिनो शेवटपर्यंत लाकडीच राहतो आणि त्याचं नाक खोटं बोलल्याने वाढत नाही. त्याला सुधारायचंच नसतं. आणि ती रंगवलेली शेकोटी? तोलस्तोयने तीच पकडली. चित्राच्या कापडामागे एक दार आहे आणि ते सोन्याच्या किल्लीने उघडतं. तोलस्तोयच्या पुस्तकात दारामागे बाहुल्यांचं स्वतःचं नाट्यगृह निघतं, खेळाच्या मालकाच्या चाबकाशिवायचं. अलेक्सांद्र प्तुश्कोच्या १९३९च्या सिनेमात माणसं आणि बाहुल्या एकाच पडद्यावर वावरतात आणि शेवटी एक उडतं जहाज सगळ्यांना सुखाच्या देशात घेऊन जातं. १९७५चा संगीतमय ‘बुरातिनो’ तर तिथल्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे. कोलोदीने भुकेचं चित्र म्हणून जी शेकोटी भिंतीवर काढली, तिच्यामागे दार असू शकतं हे कुणाला तरी सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. बदल कोणत्या राजवटीत झाला तेही उघड आहे : एकट्या मुलाने सुधारण्यापेक्षा सगळ्या बाहुल्यांनी मालकापासून सुटणं तिथे मोलाचं होतं.

इटलीच्या लोकांसाठी पिनोकिओ घरचा. मूकपटानंतरच्या त्यांच्या तीन मोठ्या आवृत्त्यांपैकी मला सर्वांत जवळची वाटते ती लुइजी कोमेन्चिनीची १९७२मधली दूरदर्शन मालिका. तिच्यात पुस्तकाची भूक परत आली आहे. थंडी, चिखल, पडकी घरं, फाटके कपडे. जेपेत्तो झालेला नीनो मानफ्रेदी इतका खरा गरीब वाटतो की कोट विकण्याचा प्रसंग बघवत नाही. आणि कोमेन्चिनीने एक मोठा बदल केला. परी पिनोकिओला सुरुवातीलाच हाडामांसाचा मुलगा करून टाकते, अट एवढीच की नीट वागला नाही तर पुन्हा लाकूड. त्यामुळे आंद्रेआ बालेस्त्री हा पोरगा मालिकाभर धावतो, भांडतो, रडतो, आणि अधूनमधून शिक्षा म्हणून ताठ, निर्जीव बाहुला होऊन पडतो.

यामुळे प्रश्नच फिरतो. पुस्तकात चांगलं वागल्याचं बक्षीस म्हणून माणूसपण मिळतं. इथे माणूसपण पहिल्यापासून आहे आणि मोठी माणसं ते आज्ञाधारकपणाच्या अटीवर काढून घेत राहतात. हा खट्याळ, उपाशी मुलगाच खरा, आणि शहाणं होण्याचा हट्ट त्याला लाकूड करतो, असं कोमेन्चिनी सुचवतो. न्यायाधीशाच्या छोट्या भूमिकेत साक्षात व्हित्तोरिओ दे सिका आहे. ज्याने ‘बायसिकल थीव्ज’मध्ये गरिबाची सायकल आणि बापलेकाची वणवण दाखवली, त्याच्याकडून तो उलटा न्याय ऐकताना वेगळंच वाटतं.

रोबेर्तो बेनिन्यीचा २००२चा चित्रपट याच्या उलट टोकाला आहे. प्रसंग बहुतेक पुस्तकातले, खर्च अफाट, गोठ्यात मरणारा मित्रही आहे, शेवटचे कष्टही आहेत. पण पिनोकिओ स्वतः बेनिन्यी, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा. रंगमंचावर हे चाललं असतं, कारण तिथे प्रेक्षक अर्धं काम आपल्या कल्पनेने करतो. कॅमेरा तेवढी सवलत देत नाही. लहान मुलाने चूक केली की आपण हळहळतो, मोठ्या माणसाने तीच चूक त्याच उड्या मारत केली की त्रास होतो. पुस्तकातलं सगळं ठेवून पुस्तक हातून निसटलं ते एवढ्या एका निवडीमुळे. शेवटी मात्र एक सुंदर कल्पना आहे : मुलगा शाळेत जातो आणि त्याची सावली बाहुल्याचीच राहून फुलपाखरामागे पळून जाते.

सतरा वर्षांनी, २०१९मध्ये, मात्तेओ गारोनेने पिनोकिओ केला आणि जेपेत्तोची भूमिका बेनिन्यीलाच दिली. इथे तो शोभतो. फेदेरिको इएलापी या मुलाच्या चेहऱ्यावर रोज तासन्‌तास मेकअप चढवून लाकडाच्या रेषा आणल्या आणि त्या कामाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. वानर न्यायाधीश आहे, गाढव झालेली मुलं आहेत, दुधासाठीची मजुरीही आहे. पुस्तक न वाचलेल्याला ते कसं आहे हे एका बैठकीत दाखवायचं असेल तर हाच चित्रपट दाखवावा. माझी तक्रार एवढीच की तो पुस्तकाचा इतका आदर करतो की त्याच्याशी कधी वाद घालत नाही.

२०२२मध्ये तर एकाच वर्षी दोन मोठे पिनोकिओ आले. रॉबर्ट झेमेकिसने डिस्नेसाठी १९४०चाच चित्रपट टॉम हँक्सला जेपेत्तो करून पुन्हा बनवला. त्यात अडचणीत सापडलेल्या पिनोकिओला खोटं बोलून वाढवलेलं नाक सुटकेसाठी उपयोगी पडतं, आणि शेवटी तो माणूस झाला की नाही हे संदिग्ध सोडलं आहे. ‘तू जसा आहेस तसाच खरा आहेस’ हे आजच्या काळाचं वाक्य त्याला म्हणायचं आहे. पण आधीचा पाया जसाच्या तसा ठेवल्यामुळे ते वाक्य वरून चिकटवल्यासारखं वाटतं.

तेच वाक्य गिएर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांनी पायापासून बांधलं. त्यांचा पिनोकिओ स्टॉप-मोशनचा, म्हणजे खऱ्या बाहुल्या किंचित किंचित हलवून एकेक चौकट टिपलेला. त्यामुळे लाकडाची अडचण वेगळ्याच रीतीने सुटते : इथे माणसंही बाहुल्याच आहेत, आणि त्यांच्यात पिनोकिओ तेवढा अर्धवट, न तासलेला, एकाच कानाचा. कारण जेपेत्तोने त्याला दारूच्या नशेत, दुःखाने वेडा होऊन कोरलेला असतो. पहिल्या महायुद्धात पडलेल्या बाँबने त्याचा कार्लो हा मुलगा गेलेला आहे. कार्लोच्या थडग्यापाशी वाढलेलं झाड तोडून तो हा बाहुला बनवतो.

काळ मुसोलिनीच्या इटलीचा. गावचा फॅसिस्ट अधिकारी न मरणारं हे पोर पाहतो आणि त्याच्या मनात येतं, काय सैनिक होईल! कोलोदीच्या काळात नव्या देशाला शिस्तीची, शिकलेली मुलं हवी होती, म्हणून आज्ञापालन हा गुण होता. त्याच देशाने पुढे चाळीस वर्षांत मुलांना गणवेश घालून रांगेत उभं केलं. अशा ठिकाणी आज्ञा मोडणं हाच चांगुलपणा ठरतो. देल तोरोचा पिनोकिओ खुद्द मुसोलिनीसमोर त्याची टिंगल करणारं गाणं गातो आणि गोळी खातो. मरतो, पुन्हा उठतो. दर वेळी मरणाच्या दारात थोडं जास्त थांबावं लागतं. जेपेत्तो बुडत असताना मात्र थांबायला वेळ नसतो. लगेच परत जायचं तर अमरपण सोडावं लागेल, आणि तो सोडतो. इथे माणूस होण्याची किंमत म्हणजे मरण स्वीकारणं. शरीर लाकडाचंच राहतं.

रातकिडा या सिनेमात परतला आहे, त्याचं घर पिनोकिओच्या छातीतल्या पोकळीत आहे, आणि कोलोदीच्या हातोड्याची आठवण ठेवून तो सारखा कुठे ना कुठे चिरडला जातो. प्रसंगांच्या हिशेबाने हा पुस्तकापासून बराच लांब गेलेला चित्रपट. पण पिनोकिओभोवती मरण सतत फिरतंय, मोठ्यांचा न्याय उलटा आहे आणि बाप अपुरा आहे, या तिन्ही गोष्टी त्याने जितक्या ओळखल्या तितक्या डिस्नेने ओळखल्या नव्हत्या. नाही म्हणायला, भूक मात्र इथेही फारशी नाही. तिच्या जागी शोक आला आहे. बाहुला पोटासाठी कोरायचा की गेलेल्या मुलाच्या जागी, या दोन सुरुवातींमध्ये मला कोलोदीची अधिक धीट वाटते.

मुलांबरोबर पाहायचं असेल तर सहा-सात वर्षांच्या मुलांना १९४०चा दाखवा आणि गाढवांच्या प्रसंगाला शेजारी बसा. दहाच्या पुढे देल तोरोचा. मरणाबद्दल प्रश्न येतील, त्यांची उत्तरं द्यायची तयारी ठेवा. गारोनेचा चित्रपट पुस्तक वाचून झाल्यावर जास्त रंगतो. पुस्तकावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, संपूर्ण इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर मोफत मिळतात. फक्त हाती आलेली प्रत संक्षिप्त नाही ना हे तपासा. त्यासाठी चौथं प्रकरण उघडायचं. त्यात रातकिडा भिंतीवर चिरडून मरत नसेल, तर ती प्रत ठेवून द्या आणि दुसरी शोधा.